अकराव्या प्रकरणातला वाटाड्या

जालना
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तातेराव काका,

म्हाताऱ्या वाटाड्याला मारल्याशिवाय माझी गोष्ट पुढे का जात नाही? तीन महिने हा एकच प्रश्न डोक्यात फिरतोय आणि मला उत्तर येत नाही. परीक्षेत आला असता तर जागा कोरी सोडून पुढचा प्रश्न घेतला असता. इथे पुढचा प्रश्नच नाही.

तुम्ही दिवाळीपासून माझ्याशी बोललेला नाहीत. पंपघराच्या पायरीवर बसून तुम्ही दिवाळी अंक वाचलात. माझं पहिलं छापून आलेलं लिखाण. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला काहीतरी विचारलंत, मी 'हो' म्हणाले. तुम्ही अंक मिटला, वॉलची चावी उचलली आणि वरच्या आळीला पाणी सोडायला निघून गेलात. त्या दिवशी वरच्या आळीची पाळी नव्हती.

मग डिसेंबरात तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. मी दवाखान्यात चार वेळा येऊन गेले. चारही वेळा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. जानेवारीत प्रीतीताई तुम्हाला आणि काकूंना लेकीच्या हक्कानं धावड्याला आपल्या घरी घेऊन गेल्या, तेही मला दादांकडून कळलं. ते जीप घेऊन फाट्यावर उभे होते, तुमची गाडी समोरून गेली म्हणाले.

पुण्याहून पत्र आलंय. माझी कादंबरी छापणार आहेत. संपादक बाई लिहितात की अकरावं प्रकरण वाचून त्यांना रडू आवरलं नाही. अकरावं म्हणजे दिवाळी अंकात आलं तेच. प्रीतीताईंनी ते वाचलं नसेल आणि हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून दोन ओळींत लिहिते. एक यान कोरडा पडलेला ग्रह सोडून पाण्याच्या ग्रहाकडे निघालंय. वाट फक्त एका म्हाताऱ्या वाटाड्याला ठाऊक आहे. तो एका मुलीला तारे वाचायला शिकवतो. अकराव्या प्रकरणात यानाचं दार आतून लागेनासं होतं, हवा जायला लागते. तेव्हा म्हातारा बाहेर जातो, बाहेरून दार लावतो, काचेतून मुलीकडे बघून हसतो आणि अंधारात दिसेनासा होतो. मग मुलगी यान चालवते.

३१ मेपर्यंत शेवटचा खर्डा आणि सही केलेलं करारपत्र पाठवायचंय. पण तुमच्या मनाविरुद्ध मी हे पुस्तक काढणार नाही. तुम्ही 'छाप' म्हणालात तर छापेन, 'नको' म्हणालात तर नको. एक शब्द पुरे.

आणि तो वाटाड्या तुम्ही नाही. त्याला छातीपर्यंत दाढी आहे, तुम्ही रोज घोटून दाढी करता. तो हळू बोलतो, तुमचा आवाज फाट्यापर्यंत जातो. तो कधी चिडत नाही. हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

हरिओम आता तुमच्या जागी गावाला पाणी सोडतो. नोंदवही लिहीत नाही. परवा आईनं विचारलं, "काल पाणी आलं होतं का रे?" तर म्हणाला, "आल्तं असंल काकू."

दैवशाला

---

जालना
रविवार, २ मार्च

काका,

तुमचं काही आलं नाही. काकूंचा फोन मात्र आला. पत्र तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, मान हलवली नाहीत, आणि मग पंखा कमी करायला सांगितलंत, एवढं कळलं.

काकूंशी काय बोलणं झालं ते तुम्हाला कळायला हवं, कारण त्या फोनपासून मला लिहिता येत नाहीये.

"पोरी, तुझ्या त्या म्हाताऱ्याला बायको न्हाई का गं?"

"नाही काकू."

"मेली का?"

"मेली असं नाही. मी लिहिलीच नाही."

"मंग त्याला जेवू कोण घालत होतं?"

"यानात गोळ्या असतात, काकू. गोळी घेतली की पोट भरतं."

"गोळ्या! इथं मी भाकर दुधात कुस्करून देते तर थुंकून देतेत. असला गोळी खाणारा म्हातारा असंल तर दे धाडून इकडं. बदलून घेते."

मी हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने झाले, यांना दिवसातून सात-आठ डाव उठवून बसवून राह्यले. तुझ्या गोष्टीत ते कोण करतं?"

त्या फोननंतर मागच्या शनिवारी मी घरी गेले आणि तुमची पुस्तकांची पेटी उघडली. हरिओमला पंपघरात जागा हवी होती म्हणून दादांनी ती आमच्याकडे आणून ठेवली आहे. आमच्या घरात पदवीच्या कागदाशिवाय जपून ठेवावं असं दुसरं काही नव्हतं, आता ती पेटी आहे. त्यातली अद्भुत कथांची आणि विज्ञानकथांची सगळी पुस्तकं मी पुन्हा काढली, तुम्ही मला सातवीपासून वाचायला दिलेली. त्यात जाणते म्हातारे कुठे आणि कसे मरतात ते बघायला. आजवर मी तिथे फक्त रडले होते. या वेळी पेन्सिल घेऊन बसले.

एकोणीस पुस्तकं. चौदा म्हातारे मरतात. एकही आजारी पडून मरत नाही. पुलावर मरतात, कड्यावर मरतात, जळत्या यानात, राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी. सगळे मरायला तयार असतात. शेवटचं वाक्य एक तर पूर्ण बोलतात, नाही तर नेमक्या महत्त्वाच्या शब्दाशी थांबतात. देह बहुतेकदा उरत नाही. उजेड होतो, राख होते, नाही तर तारा होतो. त्यामुळे मागच्यांना काही उचलावं लागत नाही. रडायला एक पान मिळतं, कारण शत्रू पाठीमागे असतो. पुढे अडचण आली की म्हाताऱ्याचा आवाज कानात येतो आणि तो आवाज कधी चुकत नाही. चौदांपैकी एकालाही बायको नाही. एकाला मुलगी होती, तीसुद्धा लहानपणीच हरवलेली.

आणि प्रत्येक वेळी, म्हातारा गेला की पुढच्याच प्रकरणात तो पोरगा किंवा पोरगी मोठी होते. जणू दारात उभा होता तो, म्हणून बाहेर पडता येत नव्हतं.

ही पुस्तकं खोटी आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या जोरावर मी वाटूरहून जालन्याला आले. बारावीनंतर दादा माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर वडील म्हणून सही करेनात, तेव्हा तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. दुपारची जेवणं झाली तरी उठला नाहीत. शेवटी दादा म्हणाले, "बरं द्या इकडं, नायतर तुम्हाला मुक्कामाचं अंथरूण टाकावं लागंल." तेव्हा मला वाटलं होतं, पुस्तकातला म्हातारा आमच्या ओट्यावर आलाय. पुढे त्याचं काय होतं हे मला पुस्तकातूनच माहीत होतं. मग मी तसंच लिहिलं.

बियाणं तपासायच्या लॅबमध्ये माझी सारखी चूक होतेय. ओल्या कागदाच्या गुंडाळीतले शंभर दाणे मोजायचे, किती उगवले ते लिहायचं, एवढंच काम. काल एकाच गुंडाळीचे तीन वेगवेगळे आकडे आले.

काहीतरी बोला. रागवा तरी.

दैवशाला

---

जालना
रविवार, २३ मार्च

प्रीतीताई, हे पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचा. काकू घरात नसतील तेव्हा काकांना वाचून दाखवा. एवढं कराच.

काका, पहिल्या पत्रात मी खोटेपणा केला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही 'काहीतरी' विचारलंत असं लिहिलं. काय विचारलंत ते मला पाठ आहे. "चौदा मे? दुपारी बारा दहा ते तीन चाळीस?"

ही सवय तुमचीच. कोणत्या आळीला किती वाजता पाणी सोडलं, किती वाजता बंद केलं, तुमच्या नोंदवहीत वीस वर्षांचं सापडेल. मी पहिली गोष्ट लिहून दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "खाली तारीख टाक, येळ टाक. मागून लोक म्हणतेत पाणी आलंच न्हाई." तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाखाली टाकते. अंकवाल्यांनी ती तशीच छापली. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गेल्या वर्षीच्या चौदा मेला सकाळी तुम्ही टाकी धुवायला वर चढलात. शिडीजवळ कावळीचं घरटं होतं. ती तुमच्या डोक्याला शिवून गेली. तुम्ही खाली येऊन काकूंना ते हसत सांगितलंत आणि काकूंचं अंग गार पडलं. कावळा डोक्याला शिवला तर मरण येतं. ते टाळायचं तर माणूस गेल्याची खोटी बातमी धाडायची. जिवाभावाचं कुणी खरोखर रडलं की अरिष्ट टळतं. तुम्ही असलं काही मानत नाही, म्हणून काकूंनी तुम्हाला न सांगता तुमच्या पुतण्याला, भुजंगला, फोन करायला लावले.

मला फोन आला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. "काका गेले. ये जल्दी." एवढंच.

लॅबला सुट्टी होती. खोलीवर मी आणि इरम होतो. इरम माझ्यासोबत राहते, घनसावंगीची आहे, नर्सिंग करते. तिनं तुम्हाला कधी पाहिलं नाही. पण माझ्याकडून ऐकून ऐकून तुमच्या टाकीच्या पायऱ्यासुद्धा तिला माहीत आहेत. फोन ठेवून मी तिला सांगितलं आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. हुंदके देऊन. मग तोंड धुऊन आली, माझी पिशवी भरली, चप्पल पुढे आणून ठेवली.

मी वहीपाशी बसले होते.

अकरावं प्रकरण चार महिने अडलं होतं, काका. वाटाड्या जाणार हे ठरलेलं होतं, पण त्याला बाहेर नेता येत नव्हतं. त्या फोननंतर तो आपोआप उठला आणि दाराकडे गेला. मी थांबले असते तर तो परत बसला असता. एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

"चल ना! बस निकल जाएगी," इरम म्हणाली.

"एवढं होऊ दे."

"क्या होऊ दे? अगं ते गेलेत! मिट्टी होऊन जाईल, तोंड पण बघायला मिळणार न्हाई तुला. तू इन्सान आहेस का पत्थर?"

"पाच मिनिटं."

ती दारात उभी राहून बसचे टाइम मोजत होती. साडेबाराची गेली. दीडची गेली. तीनची गेली. तीन चाळीसला मी खाली तारीख टाकली, वेळ टाकली आणि उठले. मी रडले नव्हते. हात हलका झाला होता. आनंद झाला होता का, हे मी स्वतःला दहा महिने विचारतेय. झाला होता.

वाटूरला उतरले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तुम्ही पंपघराच्या पायरीवर बसून शेंगा खात होता. भोवती परतूरपासून मंठ्यापर्यंतचे पाहुणे चहा पीत होते. काकू रडतही होत्या आणि हसतही होत्या. तुम्ही आधी त्यांना चिक्कार बोललात, मग म्हणालात, "बघा किती माणसं आल्ती. आता खरोखर मेलो तर याच्या निम्मी येतील, एक खेप वाया गेली म्हणून." सगळे हसले. काकूंनी माझा चेहरा हातात धरून विचारलं, "रडलीस ना पोरी?" मी म्हणाले, "हो काकू." तुम्ही म्हणालात, "सगळ्यात मागून आलीस. बस न्हवती का?" मी म्हणाले, "नव्हती."

दोन प्रश्न, दोन्ही उत्तरं खोटी. दुसरं तुम्ही पाच महिन्यांनी छापील पानावर पकडलंत.

मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीच शिकवलंत. तरी डिसेंबरात तुम्ही पडल्याचा फोन आला तेव्हा पहिला विचार आला तो हा, की मी रडले नव्हते.

आता तुम्हाला सगळं माहीत झालं. परवानगी अजून मागतेच आहे, हा निर्लज्जपणा आहे हे मला कळतं.

दैवशाला

---

जालना
रविवार, २० एप्रिल

काका,

काल धावड्याला येऊन गेले त्याचं हे लिहून ठेवतेय. तुमचं बोलणं तुटत होतं. मी बरोबर समजले की नाही ते तुम्ही ऐकून प्रीतीताईंना सांगा. चुकलं असेल तिथे त्या खूण करतील.

भोकरदनपर्यंत बस, तिथून जीप. मी येणार हे कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. ओसरीवर खुर्चीत तुम्ही बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. दाढी वाढली होती. त्या दाढीकडे बघून मी तिथूनच परत फिरणार होते.

काकू म्हणाल्या, "आली का न रडणारी!"

म्हणजे प्रीतीताईंनी पत्र काकूंसमोरच वाचलं होतं. प्रीतीताई आतून म्हणाल्या, "मी काय करू, आई कागद हातातून सोडायलाच तयार न्हवती."

मी खाली मान घालून बसले. काकूंनी पाण्याचा तांब्या दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "एक सांग. तू रडली न्हाई. भुजंग तर लोकांला फशिवतोय म्हणून हसतच फोन लावत होता. मंग रडलं कोण?"

"बाकीचे पाहुणे रडले असतील ना काकू."

"ते तर दारात येऊन रडले, रीतीचं. फोनवर ऐकल्या ऐकल्या कोण रडलं?"

"इरम रडली."

"ती घनसावंगीची पोरगी? तिचे हे कोण लागतेत?"

"कोणी नाही."

काकूंनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. "नसू दे. कावळ्याला काय ठाऊक कोण कोणाचं. तिला घेऊन ये एकदा, जेवू घालते."

तुम्ही तेव्हा डाव्या हातानं खुर्चीवर मारलंत. गप्प बसा, अशा अर्थानं. मग अंक मागवलात. तो तुम्ही धावड्याला आणला असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्याकडे ढकलून म्हणालात, "वाच."

मी वाचत गेले. वाटाड्या उठतो. दाराशी जातो. बाहेरून कडी लावतो. काचेतून बघून हसतो.

"थांब. हसला?"

"हो."

"कामून?"

मी म्हणाले, "मुलीला भीती वाटू नये म्हणून."

तुम्ही बराच वेळ शब्द जुळवत होता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, काकूंनी पदरानं पुसली, तुम्ही त्यांचा हात झटकलात. मग जे बोललात ते मी ऐकलं तसं लिहितेय.

"न्हाणीत पडलो. डिसेंबरात. दार आतून लावलेलं. मी हसलो न्हाई. मी वाजवलं. ह्या हातानं. सुरेखा, सुरेखा... वाजवून राह्यलो. तोंडातून नाव निघंना. नुसतं वाजवलं."

काकू म्हणाल्या, "मला वाटलं बादली वाजवून राह्यले. मी म्हणलं, आंघोळीला किती येळ! भुजंगनं येऊन कडी तोडली तव्हा..."

तुम्ही म्हणालात, "भ्यालो. लई भ्यालो." मग माझ्याकडे बघून, "तुझा म्हातारा भेत न्हाई."

तुम्ही भ्यायलात हे मला कधी सुचलंच नसतं. टाकीच्या अरुंद शिडीवरून हात सोडून उतरणारा माणूस. तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात ते माझ्यामुळे, असंच मी समजत होते. तिथे आणखीही काही होतं आणि मी ते विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "त्या दिवशी मी लिहीत बसले म्हणून तुम्ही रागावलात ना?"

तुम्ही मान हलवलीत. "लिहिलंस त्याचं न्हाई. मी पण टाकी भरत असती तर मयतीला उशिरा गेलो असतो. बस न्हवती म्हणलीस. त्याचं."

मी माफी मागितली. तुम्ही 'असू दे' म्हणाला नाहीत. मग मी तो प्रश्न विचारलाच. "काका, छापू का नको? तुम्ही सांगाल तसं."

तुम्ही इतक्या जोरात खुर्चीवर मारलंत की प्रीतीताई पीठाच्या हातानं बाहेर आल्या.

"मला इचारू नको. मी पाणी सोडायचो, कोणाला इचारून? पाळी माझी, चावी माझी. चुकलो तर शिव्या माझ्या."

पुस्तकातले म्हातारे जाताना पोरीला एक वाक्य देऊन जातात आणि तिला सगळं कळतं. तुम्ही मला ढकलून दिलंत आणि वर दही-भात खाणार नाही म्हणून काकूंशी भांडायला लागलात.

साडेचारला मी उठले. "येते काका." तुम्ही वर पाहिलंत. डावा ओठ जरा वर गेला.

"आज बस आहे का?"

काकू तोंडावर पदर घेऊन हसल्या. मला जीपमध्ये बसेपर्यंत हसावं की रडावं ते कळत नव्हतं. भोकरदन येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोणी गेलं का?" मी म्हणाले, "नाही, आहेत."

दैवशाला

---

जालना
रविवार, ८ जून

काका,

दीड महिना पत्र लिहिलं नाही. लिहीत होते, ते वेगळं.

अकरावं प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. वाटाड्या बाहेर जातो, दार बाहेरून लावतो, इथपर्यंत तसंच. मग तो दार वाजवतो. मुलगी आतल्या बाजूला उभी आहे. आधी तिला वाटतं, यानाचंच काही वाजतंय. मग कळतं. तो हसत नाही, तो आत घे म्हणतोय. दार उघडलं तर सगळ्यांच्या वाट्याची थोडी हवा जाणार. बाकीचे ओरडतात, नको. ती उघडते.

त्यापुढे मला काही माहीत नव्हतं, कारण त्यापुढे काय होतं ते पेटीतल्या एकाही पुस्तकात नाही. वाटाड्या वाचतो, पण वाट त्याला नीट सांगता येत नाही. तीन शब्द बोलतो, त्यातला एक चुकीचा असतो. ताऱ्याचं नाव विचारलं तर पंख्यावर चिडतो. मुलीला त्याचा राग येतो. एकदा तिच्या मनात येतं की दार उघडलं नसतं तर बरं झालं असतं. हे वाक्य लिहून मी वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही. ते खोडलेलं नाही. तुम्हाला ते ऐकावं लागेल.

इरमनं वाचलं. म्हणाली, "पहिला बुढ्ढा झक्कास मेला होता यार. हा तर आमच्या वॉर्डातल्यासारखा आहे, पाच नंबर बेडवाला." मग थोड्या वेळानं, "पण याच्याकडं बघायला मी जाईन." ती तुमच्याकडे यायचं म्हणतेय. काकूंनी जेवायला बोलावलंय हे तिनं पाच वेळा ऐकवून घेतलं.

मेच्या शेवटी नवं प्रकरण पुण्याला मेल केलं. दोन दिवसांनी संपादक बाईंचा फोन आला. चांगल्या आहेत, अर्धा तास बोलल्या.

"दैवशाला, हे तू का केलंस? आधीचं इतकं नितळ होतं."

"आधीचं खरं नव्हतं, मॅडम."

"अगं, ही विज्ञानकथा आहे. यान कुठे खरं आहे?"

"यानाबद्दल मी काही म्हणत नाही."

"वाटाड्या जगला तर मुलगी मोठी कशी होणार? आणि वाचक रडणार कुठे?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. नवं प्रकरण आधीच्याइतकं चांगलं आहे का, तेही माहीत नाही. कदाचित नसेल. आधीचं एका बैठकीत, साडेतीन तासांत आलं होतं. हे चाळीस दिवस घासलंय आणि अजून मध्येच अडखळतं. बाई म्हणाल्या, जुनं ठेवत असशील तर दिवाळीत पुस्तक येईल. नवं ठेवायचं असेल तर आमच्या यंदाच्या यादीत बसणार नाही, पुढचंही सांगू शकत नाही. शुक्रवारपर्यंत कळव, आणि करारपत्रावर सही करून पाठव.

चार दिवस झोप लागली नाही. दादांना सांगितलं तर म्हणाले, "छापून येऊ दे की एक डाव, मंग तुझ्या मनाचं लिही." आई गावात सांगून बसली आहे की पोरीचं पुस्तक येतंय. मी स्वतःला उलटसुलट विचारलं. काकांनी बोलावं म्हणून मी हे करतेय का? काकांना खूश करायला म्हातारा जिवंत ठेवला तर तोसुद्धा खोटेपणाच, बस नव्हती म्हणण्यासारखा. मग मी असं धरलं की तुम्ही यापुढे कधीच माझ्याशी बोलणार नाही. अगदी तसं धरून दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली आणि वाचली. जुन्यात मुलगी काचेतून बघत उभी राहते आणि ते तिच्या मोठेपणाचं म्हणून मी लिहिलंय. ती नुसती उभी आहे, काका. तिला दार उघडता येत होतं. मी ते तिला सुचूच दिलं नव्हतं, कारण मला बारावं प्रकरण सुरू करायची घाई होती.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मी मोठ्या पोस्टात गेले. करारपत्र सही न करता पाकिटात घातलं. सोबत चिठ्ठी लिहिली की अकरावं प्रकरण नवंच राहील. तसं छापायचं नसेल तर हस्तलिखित परत पाठवावं आणि जुनं प्रकरण कुठेही वापरू नये. खिडकीवरच्या माणसानं पाकीट तोललं, शिक्का मारला आणि मागच्या गोणीत टाकलं.

तुम्हाला विचारलं नाही.

दैवशाला